पद आणि पट्टी : स्कॉटलंडच्या नगरसभांच्या कारभाराविषयी

1469 साली स्कॉटलंडच्या संसदेने नगरांच्या कारभारासंबंधी एक कायदा केला. दरवर्षी अधिकारी निवडायच्या वेळी सामान्य लोकांची गर्दी लोटते, आरडाओरडा होतो, तंटे लागतात, असे कारण त्यात दिले होते. उपाय असा काढला, की मुदत संपलेल्या नगरसभेनेच नवी नगरसभा निवडावी, आणि जुन्या व नव्या सभासदांनी मिळून, प्रत्येक कारागीर-संघाचा एकेक माणूस सोबत घेऊन, वर्षाचे अधिकारी नेमावेत. तिसरा जेम्स तेव्हा गादीवर होता. पुढे राजवंश बदलले, धर्मपंथ बदलला, 1707 मध्ये स्कॉटलंडची स्वतःची संसदही उरली नाही. नगरसभेने नगरसभा निवडण्याची ही रीत मात्र 1833 पर्यंत, म्हणजे 364 वर्षे, टिकली.

इतकी वर्षे लोकांनी हे चालवून कसे घेतले? स्कॉटिश नगरवासी मुकाट बसणारे नव्हते. 1637 मध्ये नव्या प्रार्थनापुस्तकावरून एडिंबराच्या सेंट जाइल्स चर्चमध्ये त्यांनी दंगल केली. 1725 मध्ये माल्टवरच्या करावरून ग्लासगोचा जमाव आपल्याच खासदाराच्या हवेलीवर चालून गेला आणि ती त्याने उद्ध्वस्त केली. असे लोक आपल्या गावचा कारभार तीन-साडेतीन शतके बंद दाराआड का राहू देतात?

माझे उत्तर असे, की नगरसभेला बराच काळ लोकांपुढे हात पसरावा लागत नव्हता. नगराच्या मालकीच्या जमिनी, गिरण्या, मासेमारीचे हक्क आणि बाजारातली जकात यांवर तिचे भागत होते. हे उत्पन्न पुरेनासे झाले आणि घराघरातून पट्टी गोळा करायची वेळ आली, तेव्हा लोकांनी पहिल्यांदा नेटाने विचारले, की हे कारभारी नेमले कोणी? अधिकाऱ्यांची निवड आणि करांची वसुली हे दोन विषय अभ्यासक सहसा वेगवेगळ्या प्रकरणांत मांडतात. मला ते एकाच विषयाचे दोन भाग वाटतात आणि या प्रस्तावनेत ते मी तसेच मांडणार आहे.

सुरुवात राजाच्या सनदेपासून करायला हवी. पहिल्या डेव्हिडच्या कारकिर्दीत, म्हणजे 1124 ते 1153 या काळात, स्कॉटलंडमध्ये अशी सनदी नगरे उभी राहू लागली. त्यांना रॉयल बर्ग म्हणत. व्यापाराचा मक्ता नगराला, आणि त्या बदल्यात भाडे व जकात राजाला, असा हा व्यवहार होता. सुरुवातीला राजाचे बेली नावाचे कारभारी ही वसुली करत. पुढे मोठ्या नगरांनी राजाशी कायमचा ठराव केला. 1319 मध्ये रॉबर्ट ब्रूसने ॲबर्डीनला दिलेली सनद या बाबतीत नमुनेदार आहे. नगराने राजाला दरसाल 213 पौंड 6 शिलिंग 8 पेन्स द्यावेत आणि आतली सगळी वसुली स्वतः करावी, असे ठरले. रक्कम कायमची ठरलेली होती. पुढच्या शतकांत नाण्याची किंमत घसरत गेली, तसा राजाचा वाटा हलका होत गेला आणि वाढते उत्पन्न नगराकडेच राहिले. स्कॉटिश नगरांच्या स्वायत्ततेचा पाया या एका आकड्यात आहे असे मी मानतो. वसुलीचा अधिकार हाती आला म्हणूनच बेली राजाचा नोकर न राहता नगराचा अधिकारी झाला.

ॲबर्डीनच्या नगरसभेच्या नोंदवह्या 1398 पासूनच्या आहेत आणि मधला एक खंड सोडला तर जवळजवळ अखंड आहेत. जगात फार थोड्या शहरांकडे असा ठेवा असेल. या वह्यांत सुरुवातीलाच निवडणूक आहे. सप्टेंबरच्या अखेरीस, सेंट मायकेलच्या सणानंतर, नगराची मोठी सभा भरे आणि सगळ्या समुदायाच्या संमतीने मुख्याधिकारी आणि बेली निवडले जात. या मुख्याधिकाऱ्याला तेव्हा ऑल्डरमन म्हणत. प्रोव्होस्ट हे नाव नंतर रुळले. त्याच बैठकीत हद्दी मोजणारे, मांसाची किंमत ठरवणारे आणि एल नावाची बिअर चाखून तिचा कस सांगणारेही नेमले जात. मोठ्या पदांची नावे इतिहासात राहतात. बाजारात उभ्या असलेल्या बाईला मात्र प्रोव्होस्टपेक्षा मांसाची किंमत ठरवणाऱ्याशी जास्त काम पडत असे.

पुढे पदांची उतरंड पक्की झाली. वर प्रोव्होस्ट. त्याच्याखाली बेली, जे न्यायाधीशही असत आणि किरकोळ मारामारीपासून कर्जाच्या दाव्यापर्यंत सगळे ऐकत. डीन ऑफ गिल्ड व्यापाऱ्यांचा प्रमुख. वजनमापे तपासणे, शेजाऱ्या-शेजाऱ्यांतले भिंतीचे आणि गटाराचे तंटे मिटवणे, नव्या बांधकामाला परवानगी देणे ही त्याची कामे. त्याच्या नावाची न्यायालये बांधकाम परवान्यांसाठी 1975 पर्यंत चालू होती. खजिनदार एक वर्षासाठी असे आणि वर्षाचा हिशेब त्याने द्यायचा. टाउन क्लार्क मात्र सहसा दीर्घकाळ, अनेकदा हयातभर, त्या जागेवर राही. सभासद येत-जात, जुने ठराव, सनदा, कोणत्या जमिनीवर कोणाचा काय हक्क, हे सगळे क्लार्कला ठाऊक. नोंदवह्या वाचताना मला वारंवार वाटते, की कारभाराचा खरा धागा त्याच्या हातात होता.

या सर्वांखाली शिपाई, ढोलकरी, दवंडी पिटणारा, गुराखी आणि फाशी देणारा जल्लाद. जल्लादाचा मोबदला ठरवण्याची पद्धत पाहण्यासारखी आहे. बाजारात आलेल्या पिठाच्या पोत्यातून मूठभर पीठ घेण्याचा त्याला हक्क होता. म्हणजे ज्याचे नाव घ्यायला लोक कचरत त्यालाही बाजारातला प्रत्येक विक्रेता थेट आपल्या मालातून पोसत होता. पद आणि कर यांच्यात इथे मुठीचेही अंतर नव्हते.

वरची पदे मानाची होती, पण फुकटची नव्हती. प्रोव्होस्टने वा बेलीने स्वतःचा धंदा सांभाळून कारभार पाहायचा. म्हणून निवड झालेल्याने पद नाकारले तर त्याला दंड होई. बर्जेस, म्हणजे हक्कदार नागरिक, होणे हीच मुळी देण्याघेण्याची गोष्ट होती. बापाकडून, सासऱ्याकडून, उमेदवारी पुरी करून किंवा पैसे भरून हा हक्क मिळे, आणि तो मिळाला की नगराची पट्टी भरणे, रात्रीचा पहारा देणे आणि बोलावले तर पदावर बसणे हे तिन्ही अंगावर येई. ज्यांना हा हक्क नव्हता त्यांना नगरात व्यापार करता येत नसे. मजूर, नोकर आणि बहुतेक स्त्रिया या वर्तुळाबाहेर होत्या. नगर असा शब्द जेव्हा या वह्यांत येतो, तेव्हा तो सगळ्या रहिवाशांसाठी नाही, हे मराठी वाचकाने सतत ध्यानात ठेवावे.

1469 च्या कायद्याने या वर्तुळातही आणखी लहान वर्तुळ आखले. सोळाव्या शतकात ॲबर्डीनचे प्रोव्होस्टपद जवळजवळ मेंझीस घराण्याचीच मालमत्ता होऊन बसले. आसपासचे जमीनदार नगरांच्या डोक्यावर बसू लागले, तेव्हा संसदेला 1535 मध्ये पुन्हा कायदा करून सांगावे लागले, की अधिकारी नगरात राहणारे, व्यापार करणारे बर्जेसच असावेत आणि त्यांनी नगराच्या उत्पन्नाचा हिशेब दरवर्षी राजाच्या एक्सचेकरपुढे ठेवावा. असे कायदे पुनःपुन्हा करावे लागले, यावरूनच ते कितपत पाळले जात होते हे समजते.

या बंद निवडीचा सर्वांत रेखीव नमुना एडिंबराचा. व्यापारी आणि कारागीर यांच्यातल्या दीर्घ भांडणानंतर 1583 मध्ये सहाव्या जेम्सच्या लवादाने नगराची घटना ठरवून दिली आणि पुढच्या दुरुस्त्यांसह ती अडीचशे वर्षे चालली. प्रोव्होस्ट, चार बेली, डीन ऑफ गिल्ड आणि खजिनदार असे सात अधिकारी. मागल्या वर्षीचे हेच सात जण सभासद म्हणून कायम. तीन व्यापारी, दोन कारागीर आणि कारागीर-संघांचे सहा प्रमुख मिळून पंचवीस. उरलेल्या संघांचे आठ प्रमुख महत्त्वाच्या कामासाठी येत, म्हणजे एकूण तेहेतीस. संघप्रमुख निवडायची रीत तर बारकाईने पाहावी. संघाने सहा नावे नगरसभेकडे पाठवायची, नगरसभेने त्यातली तीन खोडायची आणि उरलेल्या तिघांतून संघाने एक निवडायचा. कारागिरांना वाटावे की आपणच निवडले, आणि नगरसभेला नको असलेला माणूस आत येऊ नये, अशी दोन्हीकडची सोय होती. याच तेहेतीस जणांच्या हाती 1832 पर्यंत एडिंबराचा खासदार निवडण्याचा हक्क होता. शहराची वस्ती तेव्हा लाखाच्या पुढे गेली होती.

आता पैशाकडे वळू. नगराच्या सामायिक मालमत्तेला कॉमन गुड म्हणत. तिच्यात गावठाणाची जमीन, कुरण, गिरणी, नदीतली मासेमारी, बंदराचे शुल्क आणि बाजाराची जकात येई. 1491 च्या कायद्याने बजावले होते, की हे उत्पन्न नगराच्या सामायिक हितासाठीच खर्च व्हावे. पण गोळा कोणी करायचे? नगरसभेकडे त्यासाठी नोकरवर्ग नव्हता. म्हणून दरवर्षी लिलाव होई. वेशीवरची जकात एकाकडे, गिरणी दुसऱ्याकडे, रस्त्याच्या फरसबंदीसाठी गाड्यांवर बसणारे शुल्क तिसऱ्याकडे, असा वर्षाचा मक्ता सर्वांत जास्त बोली बोलणाऱ्याला मिळे. त्याने जामीन द्यायचा, ठरलेली रक्कम हप्त्याने भरायची आणि वर जे सुटेल ते आपले. ग्लासगोच्या बाजारात धान्याच्या प्रत्येक पोत्यातून एक पळीभर धान्य घेत. पळी केवढी असावी यावर मक्तेदाराचा नफा आणि शेतकऱ्याचा तोटा अवलंबून असणार, हे उघड आहे.

मक्त्याची ही पद्धत नगरसभेच्या फार सोयीची होती. रक्कम आधीच ठरलेली आणि वसुलीचा वाईटपणा मक्तेदाराच्या माथी. रोगराईने बाजार ओस पडला तर तो सूट मागायला येई आणि सभा कधी देई, कधी नाकारी. पण या सोयीतच दोष दडलेला होता. लिलाव कोणाला सुटला, बोली खरी होती की आपसांत ठरलेली, जमीन कोणत्या भावाने कोणाच्या नावे झाली, हे पाहणारे आणि त्यातून लाभ उठवणारे बऱ्याचदा एकाच वर्तुळातले असत. नगरांच्या कितीतरी जमिनी सोळाव्या शतकापासून कायमच्या पट्ट्याने, नाममात्र वार्षिक भाड्यावर, बड्या बर्जेसांच्या आणि जमीनदारांच्या हाती गेल्या. 1319 मध्ये ठरलेल्या रकमेच्या बळावर नगर राजापासून मोकळे झाले होते. आता तशाच ठरलेल्या भाड्याच्या बळावर नगराची जमीन नगरापासून मोकळी झाली. या लुटीबद्दल मला आजही चीड येते. ती कायदेशीर होती, म्हणून तर जास्तच.

प्रत्यक्ष कर बसे तो राजाच्या मागणीमुळे. राष्ट्रीय कराचा सहावा हिस्सा सनदी नगरांनी मिळून भरायचा असा प्रघात होता. नगरांचे प्रतिनिधी आपल्या संयुक्त परिषदेत एकत्र जमून तो आपसांत वाटून घेत. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात एकट्या एडिंबराच्या वाट्याला जवळजवळ एक तृतीयांश येई. मग प्रत्येक नगराने आपला वाटा आपल्या माणसांवर पसरायचा. या पट्टीला स्टेंट म्हणत आणि ती ठरवायला शपथ घेतलेले स्टेंटमास्टर नेमत, काही व्यापाऱ्यांतले, काही कारागिरांतले. इथे दर ठरलेला नसे, रक्कम ठरलेली असे. घरातल्या एकाने भाकरी कमी वाढून घेतली की दुसऱ्याच्या ताटात जास्त पडते, तसे इथे उलट्या बाजूने होई. एकाची पट्टी कमी झाली की शेजाऱ्याची वाढलीच. म्हणून स्टेंटमास्टर अनोळखी चालत नसे. कोणाचे दुकान चालते, कोणाचे जहाज बुडाले, कोणाच्या घरी आजारपण आहे, हे त्याला माहीत असावे लागे. यादी झाली की तक्रारी ऐकल्या जात. तरी न भरणाऱ्याचे सामान जप्त होई, त्याला टोलबूथ या नगर-कचेरीतल्या कोठडीत बसवीत, आणि सतराव्या शतकात तर थकबाकीदाराच्या घरी सैनिक राहायला आणून बसवत, पैसे येईपर्यंत त्यांचे खाणेपिणे त्याच्याच खर्चाने.

अशा पद्धतीत सर्वांत जास्त सलते ती माफी. एडिंबरात सर्वोच्च न्यायालयाशी संलग्न वकील आणि अधिकारी नगराच्या करांतून सुटलेले होते, आणि शहरातले सर्वांत श्रीमंत लोक बऱ्याच अंशी तेच. त्यांची माफी म्हणजे चांभाराच्या आणि बेकरीवाल्याच्या अंगावर वाढलेले ओझे.

अठराव्या शतकात ही बंद नगरे राष्ट्रीय राजकारणात फार उपयोगी ठरली. मोजकी माणसे वळवली की खासदार मिळे. हेन्री डंडस या मंत्र्याने स्कॉटलंड ज्या कौशल्याने हाताळले त्यात नोकऱ्यांचे वाटप मुख्य होते, आणि त्या वाटपात ईस्ट इंडिया कंपनीच्या जागा मोलाच्या. 1793 ते 1801 या काळात तो कंपनीवर देखरेख करणाऱ्या बोर्ड ऑफ कंट्रोलचा अध्यक्ष होता. स्कॉटलंडच्या लहान लहान नगरांतली मुले मुंबईला आणि मद्रासला इतक्या संख्येने का येत, याचे एक उत्तर तिकडच्या नगरसभांच्या मतांत आहे. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा आणि साताऱ्याला रेसिडेंट असलेला जेम्स ग्रँट डफ हा 1789 साली बॅन्फ या सनदी नगरात जन्मला. आपल्या इतिहासाशी नाव जोडले गेलेली ही माणसे कोणत्या कारभारात वाढली हे कळावे, म्हणूनही हा विषय मराठीत यायला हवा असे मला वाटते.

शहरे वाढली. दिवे हवेत, गटारे हवीत, रात्रीचा पगारी पहारा हवा. कॉमन गुड एवढ्या खर्चाला पुरणारे नव्हते आणि नव्या पट्टीला लोकांची तयारी हवी होती. 1795 मध्ये ॲबर्डीनला आणि 1800 मध्ये ग्लासगोला स्वतंत्र कायद्याने पोलीस आयुक्तांची मंडळे आली. पोलीस या शब्दात तेव्हा पहाऱ्याबरोबर दिवाबत्ती आणि सफाईही येई. घरभाड्याच्या प्रमाणात नवी पट्टी बसली, आणि ती भरणाऱ्या घरधन्यांना आयुक्त निवडण्याचा हक्क मिळाला. लोक म्हणाले, पैसे देतो, पण ते खर्च करणारे आम्ही निवडू. 1832 च्या संसदीय सुधारणेच्या आधी तीसहून जास्त वर्षे हे घडले. या विषयातली सर्वांत निर्णायक घटना मी हीच मानतो. एकाच शहरात आता दोन संस्था शेजारी शेजारी काम करू लागल्या, एक स्वतःच स्वतःला निवडणारी आणि दुसरी करदात्यांनी निवडलेली.

जुनी संस्था मग कर्जाने कोसळली. युनियन स्ट्रीटसारखे भव्य रस्ते काढताना ॲबर्डीनवर दोन लाख पौंडांहून अधिक कर्ज झाले आणि 1817 मध्ये खजिनदाराला देणी थांबवावी लागली. पायउतार होणाऱ्या सभासदांनीच तेव्हा कबूल केले, की निवडीची ही पद्धत मुळातच सदोष आहे. हा प्रांजळपणा मला मोठा वाटतो. लीथ बंदराची गोदी आणि इतर कामांपायी 1833 मध्ये एडिंबराही दिवाळखोर झाले, कर्ज चार लाख पौंडांच्या घरात. त्याच वर्षी विल्यम टेट या प्रकाशकाने धर्मोपदेशकांच्या पगारासाठी घरभाड्यावर बसणारी पट्टी भरायचे नाकारले आणि तो तुरुंगात गेला. सुटला तेव्हा हजारो लोक मिरवणुकीने त्याच्यासोबत चालले. 1833 च्या कायद्याने दहा पौंड भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना नगरसभेसाठी मत दिले आणि 1469 ची पद्धत संपली.

पुढचा प्रवास थोडक्यात सांगता येतो. 1881 च्या कायद्याने कर भरणाऱ्या एकट्या व विधवा स्त्रियांना नगरसभेचे मत मिळाले. 1907 मध्ये डॉलर या छोट्या नगरात लॅव्हिनिया माल्कम निवडून आल्या, स्कॉटलंडच्या पहिल्या नगरसेविका. 1913 मध्ये त्या तिथल्या प्रोव्होस्ट झाल्या. 1975 मध्ये नगरसभा बरखास्त होऊन त्यांचा कारभार मोठ्या परिषदांकडे गेला. 1989 मध्ये घराऐवजी माणसामागे कर बसवून पाहिला गेला, तोही इंग्लंडच्या एक वर्ष आधी स्कॉटलंडमध्ये, आणि लोकांनी तो चार वर्षांत उलथून टाकला.

कॉमन गुड मात्र अजून आहे. एडिंबरातली प्रिन्सेस स्ट्रीटची उद्याने त्यातच मोडतात. पोर्टोबेलो पार्क या सामायिक जमिनीवर शाळा बांधायला निघालेल्या एडिंबरा परिषदेला 2012 मध्ये न्यायालयाने अडवले, आणि शाळेसाठी 2014 मध्ये संसदेकडून खास कायदा करून घ्यावा लागला. 2015 च्या कायद्यानुसार प्रत्येक परिषदेने अशा मालमत्तेची यादी प्रसिद्ध करावी आणि ती विकण्याआधी लोकांना विचारावे असे बंधन आहे.

पुढील प्रकरणांत शिरण्यापूर्वी वाचकाने दोन-तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. जुन्या हिशेबातला पौंड स्कॉटिश आहे. सतराव्या शतकात असे बारा पौंड मिळून एक इंग्रजी पौंड होई. मर्क म्हणजे पौंडाचे दोन तृतीयांश. नगरसभेचे वर्ष सप्टेंबरअखेरीस सुरू होते, आणि 1600 पूर्वी सरकारी सन 25 मार्चला बदलत असल्याने जानेवारी-फेब्रुवारीतल्या नोंदींचे साल नीट तपासून घ्यावे. आणि एक विनंती. कोणत्याही वर्षी कोण निवडून आले ते वाचल्यावर तिथेच थांबू नका. त्याच वर्षीचे मक्ते कोणाला सुटले आणि पट्टी कोणावर बसली ती पानेही उघडा.